माथ्यावरचे रान आणि पीरभॉयांची रेल्वे

मुंबईहून कर्जतकडे निघालेली लोकल बदलापूर, वांगणी, शेलू ही स्थानके मागे टाकते आणि नेरळला येऊन थांबते. स्थानक तसे साधेच आहे. भाजीच्या पाट्या घेऊन उतरणाऱ्या आदिवासी बाया, कामाला जाणारी माणसे आणि पाठीवर पिशव्या अडकवलेली सहलीची पोरे, अशी सगळी गर्दी एकाच फलाटावर असते. पण या स्थानकाची एक खूण दुसऱ्या स्थानकांना नाही. मोठ्या रुळांच्या शेजारी इथे दोन फूट रुंदीचे लहानसे रूळ आहेत. हे रूळ समोरच्या डोंगरावर चढत जातात आणि सुमारे २१ किलोमीटरची वळणे घेत माथेरानला पोहोचतात. लाखो लोकांनी या गाडीतून प्रवास केला, खिडकीतून हात बाहेर काढून झाडांची पाने तोडली, माकडांना चणे टाकले. मात्र ही रेल्वे कोणी बांधली, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : "इंग्रजांनी."

हे उत्तर चुकीचे आहे. इंग्रजांच्या राज्यात ती बांधली गेली हे खरे, पण तिच्यासाठी पैसा ओतला तो मुंबईच्या एका मुसलमान व्यापाऱ्याने आणि ती उभी केली त्याच्या मुलाने. सर आदमजी पीरभॉय हे वडील आणि अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय हा मुलगा. दाऊदी बोहरा जमातीचे हे घराणे. आपल्या समाजातल्या सुशिक्षित मंडळींनाही ही नावे फारशी ठाऊक नसतात. म्हणून हा इतिहास थोडा तपशिलाने सांगावा असे वाटले.

डोंगर आधीचा, शोध नंतरचा

माथेरानचा इतिहास सांगताना पुस्तके १८५० या सालापासून सुरुवात करतात. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे त्या वर्षीच्या मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावाकडून या डोंगरावर चढले. वरची गर्द झाडी आणि थंड हवा त्यांना आवडली. पुढे त्यांनी तिथे घर बांधले. नंतर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या ठिकाणात लक्ष घातले, वाटा आखल्या गेल्या, बंगले उठले. अशा रीतीने मॅलेट साहेबांनी माथेरान 'शोधले' असे आपण वाचतो आणि मुलांनाही तसेच सांगतो.

परंतु नावाकडे लक्ष दिले तर वेगळीच गोष्ट दिसते. माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. हे नाव इंग्रजी नाही, मराठी आहे. ज्यांनी हे नाव दिले ते लोक मॅलेट साहेबांच्या आधीपासून या डोंगराला ओळखत होते. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये माथेरानवर मोठे प्रकरण आहे. धनगर, ठाकूर आणि कातकरी हे या डोंगराचे रहिवासी म्हणून त्यात नोंदलेले आहेत. लाकूडफाटा, मध, गुरे-शेळ्या यांवर त्यांचा गुजारा होता. पाऊलवाटा त्यांच्याच होत्या. साहेब चढला तो या वाटांनीच चढला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. पीरभॉयांचे नाव विसरले गेले अशी तक्रार आपण करणार असू, तर आधी हेही कबूल केले पाहिजे की या डोंगरावर त्यांच्याहून जास्त विसरले गेलेले लोक आहेत.

नेरळ जवळ आले, माथेरान दूर राहिले

मुंबई ते ठाणे ही पहिली रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढच्या वर्षी ती कल्याणला गेली आणि १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचली. नेरळ या मार्गावर आले. बोरघाटाचे काम अवघड होते, ते १८६३ साली पुरे झाले आणि पुण्याचा रस्ता मोकळा झाला. यामुळे मुंबईचा माणूस काही तासांत नेरळला येऊ लागला.

पण पुढचा डोंगर तसाच राहिला. नेरळपासून वर जायचे तर घोडे, तट्टू, पालखी किंवा स्वतःचे पाय. श्रीमंतांना तट्टू आणि पालखी परवडत होती. सामान डोक्यावरून जात होते. आजारी माणसाला हवापालटासाठी वर न्यायचे म्हटले की हाल होत. डोंगर मुंबईच्या इतका जवळ असूनही सामान्य माणसाला तो दूरच होता. रेल्वेची गरज होती ती या शेवटच्या टप्प्यावर.

वडील आणि मुलगा

आदमजी पीरभॉय यांचा जन्म १८४६ साली काठेवाडातल्या धोराजी इथला. मुंबईत त्यांनी व्यापारात मोठी कमाई केली. ब्रिटिश फौजेला तंबू, बूट आणि चामड्याचे सामान पुरवणे हा त्यांच्या व्यवसायाचा मुख्य भाग होता. धारावीत त्यांचा चामडे कमावण्याचा कारखाना होता. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ झाले. बाहेरगावाहून मुंबईत येणाऱ्या लोकांसाठी चर्नी रोड स्थानकाजवळ त्यांनी बांधलेले आरोग्यधाम हे त्यांच्या दानधर्माचे ठळक उदाहरण आहे. १९०७ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराचीला मुस्लिम लीगचे अधिवेशन भरले, त्याचे ते अध्यक्ष होते. १९१३ साली त्यांचा इंतकाल झाला.

यातले शेवटचे वाक्य लिहिताना काहींचा हात अडखळेल. लीगचे नाव आले की पुढच्या चाळीस वर्षांचा सगळा इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो आणि वाटते, हे गाळलेले बरे. मला तसे वाटत नाही. १९०७ सालची लीग ही राजनिष्ठ धनिकांची आणि जमीनदारांची जेमतेम वर्षभराची संघटना होती. पाकिस्तानचा ठराव तेव्हा तेहेतीस वर्षे पुढे होता. आदमजी सेठ फौजेचे कंत्राटदार होते, सरकारदरबारी त्यांचा मान होता, हेही लपवण्याचे कारण नाही. त्या काळातले बहुतेक मोठे व्यापारी, मग ते पारशी असोत, हिंदू असोत वा मुसलमान, अशाच वाटेने मोठे झाले. माणूस पूर्ण सांगावा. अर्धा सांगितला की उरलेला अर्धा दुसरा कोणी तरी आपल्या सोयीने सांगतो.

रेल्वेचे काम अंगावर घेतले ते मुलाने. अब्दुल हुसेन यांनी या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या अगदी सुरुवातीला या मार्गाची योजना हाती घेतली. १९०४ साली प्रत्यक्ष काम सुरू झाले. सुमारे १६ लाख रुपये खर्च आला. त्या काळातले १६ लाख! ही रक्कम वडिलांच्या पेढीने उभी केली. २२ मार्च १९०७ रोजी मार्ग वाहतुकीसाठी खुला झाला.

डोंगर चढण्याचे गणित

या मार्गाची करामत समजून घ्यायची असेल तर थोडे गणित करावे लागते. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर आहे, माथेरानचे स्थानक सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे गाडीला ७६० मीटर चढायचे आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार चढ सोसत नाही, ते घसरते. म्हणून चढ सौम्य ठेवायचा, आणि सौम्य ठेवायचा तर वाट लांबवायची. २१ किलोमीटरमध्ये ७६० मीटर म्हणजे सरासरी दर २७-२८ मीटरला एक मीटर चढ होतो. सर्वांत कठीण जागी तो २० मीटरला एक मीटर इतका आहे. दात्यांचा तिसरा रूळ किंवा ओढून घेणारा दोर यांची मदत न घेता, केवळ चाकाच्या पकडीवर ही गाडी चढते.

वाट लांबवायची म्हणजे डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत जायचे. रुंद रुळांना इतकी तीव्र वळणे जमत नाहीत. म्हणून दोन फुटी रूळ निवडले गेले. या कामात एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याचा सल्ला होता. आपल्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी लाइट रेल्वे उभी करणारे ते हेच. वळणांवर इंजिनही अडकता कामा नये. त्यासाठी ओरेनस्टाइन आणि कोपेल या जर्मन कंपनीकडून खास वाफेची इंजिने आणली गेली. त्यांना चाकांचे तीन आस होते आणि पुढचा व मागचा आस रुळाच्या वळणाप्रमाणे थोडा सरकू शकत असे. बैलगाडी वळवताना गाडीवान धुरेला थोडी ढील देतो, तसलीच ही युक्ती. पुढे १९५० च्या दशकात डिझेलची इंजिने आली आणि १९८० च्या दशकात वाफेची इंजिने कामावरून उतरली.

नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि माथेरान ही या मार्गावरची पाच स्थानके. स्थानके कसली, थांबेच ते! जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप इथे डोंगर, झाडी आणि एखादी शेड याशिवाय फारसे काही नाही. नावे मात्र ऐकण्यासारखी आहेत. एका ओळीत मराठी, इंग्रजी, अरबी-फारसी असे सगळे शब्द नांदतात. अमन लॉजजवळच्या नाक्याला दस्तुरी म्हणतात. 'दस्तूर' म्हणजे रिवाज, आणि रिवाजाने द्यावयाची रक्कम ती दस्तुरी. हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत इतका मुरला की कोणाला तो परका वाटत नाही. आजही माथेरानला जाणारा माणूस या नाक्यावर नगरपालिकेचा प्रवेश कर भरूनच पुढे जातो.

या कहाणीत एक जागा रिकामी आहे. पैसा कोणाचा, सल्ला कोणाचा, इंजिने कोठली, हे सगळे सांगता येते. पण कातळ फोडला कोणी? एप्रिल-मेच्या उन्हात घमेली वाहिली कोणी? पावसाळ्यात दरड कोसळल्यावर माती उपसली कोणी? त्या मजुरांची नावे फलकावर नाहीत. सेठांच्या नावासाठी आग्रह धरताना निदान एक वाक्य त्यांच्यासाठीही असावे.

सगळ्यांची बाग

माथेरानमध्ये पेमास्टर पार्क नावाची सार्वजनिक बाग आहे, शार्लोट तलाव आहे, कड्यांवरचे कितीतरी पॉइंट आहेत. पण खरे पाहता अवघा डोंगरमाथाच एक सार्वजनिक बाग आहे. लाल मातीचे रस्ते, त्यांवर झाडांची सावली, आणि मोटारीला बंदी. खासगी वाहन दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाही. करोडपती असो वा पालिकेचा झाडूवाला, नाक्यापुढे त्याला चालायचे आहे, घोड्यावर बसायचे आहे किंवा रेल्वेत. हवेत धूर नाही, कानाशी भोंगा नाही. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्या गावाला हे साधले आहे?

हे आपोआप टिकलेले नाही. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि आसपासचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यामुळे बांधकामावर, झाडतोडीवर, वाहनांवर कायद्याची बंधने आली. त्याच्याही खूप आधीपासून रेल्वेने एक काम न बोलता केले होते. माणसे वर न्यायला मोटाररस्ता नको, रूळ आहेत, असे सांगता येत होते. रेल्वे होती म्हणून रान राहिले, असे म्हणणे थोडे जास्त होईल. पण रेल्वेने रानाला मदत केली हे नक्की.

या गावाने माणसेही घडवली. विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानचाच. नाभिक समाजातल्या गरीब घरातला हा मुलगा वकील झाला, गावाच्या नगरपालिकेत काम करू लागला, आसपासच्या शेतकऱ्यांसाठी शाळा आणि धान्यकोठ्या चालवू लागला. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे साथी हिराजी पाटील शहीद झाले. ब्रिटिशांकडून 'सर' झालेल्या सेठाची रेल्वे आणि ब्रिटिशांशी लढताना गेलेला नाभिकाचा मुलगा, दोन्ही एकाच डोंगराचा इतिहास आहेत. ज्याला एक हवे आणि दुसरे नको, त्याला हा डोंगर समजला नाही.

माणसाने माणसाला ओढायचे किती दिवस?

बागेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोटारबंदीचा भार कोणी वाहिला? माथेरानमध्ये गॅसची टाकी, भाजी, विटा-सिमेंट, सगळे डोक्यावरून, घोड्यावरून किंवा हातगाडीवरून जाते. आणि जे चालू शकत नाहीत, घोड्यावर बसू शकत नाहीत, त्यांना हातरिक्षा. एक माणूस पुढून ओढणार, दोघे मागून ढकलणार आणि चौथा आत बसणार. चढावर त्यांच्या छातीचा भाता कसा चालतो हे ज्यांनी पाहिले त्यांना शुद्ध हवेचा आनंद थोडा कमी झालेला असणार.

या रिक्षा ओढणाऱ्यांनीच पुढे येऊन मागणी केली, आम्हाला ई-रिक्षा द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रायोगिक स्वरूपात २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा सुरू झाल्या. घोडेवाल्यांनी विरोध केला, कारण त्यांचीही पोटे या धंद्यावर आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने हातरिक्षा ही अमानवी प्रथा ठरवली आणि ती सहा महिन्यांत बंद करण्याचा, रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांच्या रोजगाराची सोय करण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्याला ७८ वर्षे होत असताना हा निकाल आला! पीरभॉयांची गाडी १९०७ साली डोंगर चढली होती. त्यानंतर एकशेअठरा वर्षे माणूस माणसाला ओढतच होता.

पाऊस आणि रूळ

या रेल्वेचा सर्वांत मोठा वैरी पाऊस. पावसाळ्याच्या चार महिन्यांत नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मार्ग जागोजागी वाहून गेला. दुरुस्ती होऊन २००७ च्या मार्चमध्ये, म्हणजे बरोबर शताब्दीच्या महिन्यात, गाडी पुन्हा धावली. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरण्याचे प्रकार झाले आणि सेवा थांबवण्यात आली. आधी अमन लॉज ते माथेरान हा वरचा छोटा टप्पा २०१७ मध्ये सुरू झाला, पुढच्या वर्षी पूर्ण मार्ग. २०१९ च्या पावसाने परत घात केला. त्यानंतर तीन वर्षांनी, २२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळहून गाडी निघाली.

प्रत्येक वेळी प्रश्न विचारला जातो : तोट्यातली ही गाडी कशाला चालवायची? हिशेबाच्या वहीत ती तोट्यातच दिसणार. पण वरच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला, नाक्यावरून पाठीवर दप्तर घेऊन येणाऱ्या मुलाला ती गाडी काय देते, याचा रकाना त्या वहीत नसतो. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या डोंगरी रेल्वे जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. माथेरानचे नाव भारताच्या प्रस्तावित यादीत आहे. ते पुढे जावे ही इच्छा आहेच. परंतु वारसा म्हणजे काचेच्या पेटीतली वस्तू नव्हे, तिचे तिकीट सामान्य माणसाला परवडले पाहिजे आणि ती वेळेवर सुटली पाहिजे.

आपण काय करावे?

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. सहलीचा विषय निघाला की मुले माथेरानचे नाव घेतात. एकदा वर्गात मी रेल्वे बांधणाऱ्याचे नाव सांगितले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, अपनेवाले थे?" त्याच्या आवाजात कौतुक होते आणि थोडा अविश्वासही होता. इतके मोठे काम आपल्यातल्या कोणी केले असेल हे त्याला खरे वाटत नव्हते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला असे का वाटावे? हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मनात आहे.

मी त्याला 'हो' म्हटले. पण तेवढ्यावर थांबणे बरोबर नव्हते. मग मी सांगितले की गाडी बांधली एका बोहरा सेठाच्या मुलाने, नकाशाला सल्ला दिला एका इंग्रजाने, इंजिने आली जर्मनीहून, दगड फोडले गरीब मजुरांनी, आणि डोंगर होता ठाकर-कातकऱ्यांचा. आता सांग, गाडी कोणाची? मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "जो बैठेगा उसकी."

आपल्याकडे सदका-ए-जारिया ही कल्पना आहे. विहीर, मदरसा, मुसाफिरखाना, झाड, ज्याचा फायदा देणारा गेल्यावरही लोकांना मिळत राहतो ते पुण्य चालू राहते. रेल्वे हा अर्थातच धर्मादाय नव्हता, तो धंदाही होता. तरी शंभर वर्षांहून अधिक काळ लोक तिच्यात बसत आले आणि बसताना कोणी कोणाची जात किंवा धर्म विचारला नाही, ही गोष्ट लहान नाही.

अभिमानाची भाषा सोपी असते. 'आमच्या पूर्वजांनी हे केले, ते केले' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. अभिमानाबरोबर कामही हवे. आपल्या उर्दू शाळांच्या सहली माथेरानला जातात तेव्हा मुलांच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर नेरळपासूनची पाच स्थानके, उंची, चढाचे गणित, पीरभॉय पिता-पुत्रांची नावे, भाई कोतवालांचे नाव असावे. खाली काही ओळी कोऱ्या ठेवाव्यात. मुलांनी वरच्या एखाद्या घोडेवाल्याशी, रिक्षावाल्याशी, ठाकर बाईशी बोलावे आणि त्यांचे म्हणणे त्या ओळींत लिहून आणावे. मराठी शाळांनीही हे केले तर फारच चांगले. आणि आपापल्या गावातली जुनी विहीर, सराई, पूल, शाळेची पहिली इमारत कोणी बांधली हे म्हाताऱ्या माणसांना आताच विचारून ठेवावे. ती माणसे आहेत तोवरच हे होईल. पुढच्या सहलीचे पैसे गोळा करण्याआधी तो कागद तयार झाला पाहिजे.